ऑर्तान्सच्या हातची तबकडी

नुमा आज पुन्हा उजव्या बाजूनेच चावत होता. पावाचा कडक भाग त्याने कॉफीत बुडवला, मऊ होईपर्यंत थांबला, आणि मग जिभेने तो गालाच्या एकाच बाजूला सरकवला. ब्लुएतने ते पाहिलं आणि लोण्याचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं.

"दाढ दुखतेय का रे?"

"थंडी आहे बाहेर," नुमा म्हणाला.

बाहेर थंडी होतीच. ला शो-द-फोंमध्ये, या स्विस डोंगरगावात, फेब्रुवारीत थंडी नसेल तर लोक काळजीत पडतात. पण दाढेला कसली थंडी बाधते हे ब्लुएतला ठाऊक होतं. त्यांच्या आईचंही दाढेपासूनच सुरू झालं होतं. आधी एक दाढ काढली, मग शेजारची. जखम काही भरून येईना, आणि एके दिवशी जबड्याच्या हाडाचा कपचा रुमालात आला. ऑर्तान्स मातीलने तो रुमाल घडी करून ठेवला आणि कामाला बसली. त्या आठवड्याच्या घड्याळांच्या तबकड्या पोचवायच्या होत्या.

बहीणभाऊ आता सत्तरी ओलांडलेले. ब्लुएतने लग्न केलं नाही. नुमाने केलं आणि बायको गेल्यावर तो या तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या घरी परतला. येताना त्याने एक बॅग आणली आणि आईचं टेबल पुन्हा खिडकीपाशी ओढलं. या गावातल्या घरांना खिडक्या मोठ्या आहेत, कारण घर बांधणाऱ्यांनी आधी घड्याळजीच्या डोळ्यांचा विचार केला आणि मग राहणाऱ्यांचा. त्या उजेडात ऑर्तान्स वीस वर्षं बसली. ब्वासेनोच्या कारखान्यातून तबकड्या यायच्या, ती त्यांच्यावर रेडियमच्या रंगाने आकडे काढायची आणि परत पाठवायची. रंग महाग, म्हणून टेबलावर सांडलेला कणही पिसाने गोळा करून डबीत भरायचा, असा दंडक होता. दिवे मालवले की तिचा ॲप्रन दारामागे हिरवट दिसत राहायचा. नुमा लहान होता तेव्हा त्याला वाटायचं, आई दारामागे उभी आहे. तो झोपेतून उठून तिच्याशी बोलायचा. ती गेल्यावरही तो ॲप्रन कितीतरी दिवस तिथेच होता, आणि नुमा त्याच्याशी बोलत होता.

नुमाचा हात आईवर गेला होता. कारखाना बंद झाल्यावर तो जुन्या तबकड्या साफ करायचं काम घरी घेऊ लागला. साफ करतो, एवढंच तो बहिणीला सांगायचा. मोहरीच्या एका रिकाम्या बरणीत तो काय साठवतो हे ब्लुएतला दिसत होतं. बिघडलेल्या गजराच्या घड्याळांवरून, मोडक्या काट्यांवरून खरवडलेली तपकिरी भुकटी. रेडियमचा उजेड कधीच मेलेला असतो. आतला विस्तव मरत नाही. तो आणखी हजार वर्षं तसाच राहणार, असं तळमजल्यावरच्या झाउगबाईंना त्या माणसांनी सांगितलं होतं.

ती माणसं मागच्या आठवड्यात आली होती. दोघं होती, अगदी सभ्य, दारात बूट काढून ठेवणारी. गावात ज्या ज्या घरी पूर्वी रेडियमचं काम झालं ती घरं तपासायची, असं सरकारी काम होतं. हातात किरणोत्सर्ग मोजणारी एक पेटी, तिला एक नळी. झाउगबाईंच्या स्वयंपाकघरात पेटी सावकाश टकटकत होती, छपरावरून बर्फ वितळून थेंब पडावा तशी. मग त्यांनी नळी खिडकीखालच्या फळ्यांकडे नेली आणि थेंबांची सर झाली. फळ्या उचकटल्या. झाउगबाईंचा नातू त्याच जागी बसून गाड्या खेळायचा. बाई जिन्यात उभ्या राहून ब्लुएतला हे सांगत होत्या. रडत नव्हत्या, पण बोलताना पुन्हा पुन्हा स्वतःच्याच तळहाताकडे बघत होत्या.

तिसऱ्या मजल्यावर नुमाने दार अर्धंच उघडलं. आमच्याकडे काही नाही, म्हणाला. घरातल्यांच्या मर्जीशिवाय ती माणसं आत येत नाहीत. बोलवाल तेव्हा येऊ, असं सांगून ती उतरून गेली.

"तुझी बरणी तरी टाक," ब्लुएत त्या दिवशी म्हणाली होती.

"टाकतो की."

"आणि कुंचला तोंडात..."

"अगं, मी काय लहान आहे? स्पंज आहे ना, ओला स्पंज. त्याच्यावर टोक करतो." त्याने तो स्पंज दाखवलासुद्धा. चांगला नवाकोरा होता. तो इतका नवा का आहे, हे ब्लुएतने तेव्हा विचारलं नाही.

आज तिला फाव्रोदांकडे जायचं होतं. मस्यू फाव्रोद जिनिव्हाचे. जुन्या घड्याळांचे मोठे लिलाव ते करत. माणूस जाणकार आणि मऊ बोलणारा. ब्वासेनोने वेत्तोरेल्ली नावाच्या इटालियन मोटार कंपनीच्या भागीदारीत पन्नासेक वर्षांत पाच घड्याळं काढली होती. शर्यतीच्या गाड्या त्या कंपनीच्या, घड्याळं इथली. ती पाचही आता एकाच वेळी विकायला येणार होती, आणि त्यांच्यात पहिलं कोणतं, शेवटचं कोणतं, हे ठरवायला फाव्रोदांना कारखान्यातली जुनी माणसं हवी होती. घड्याळांची धातूची कवचं, म्हणजे केस, बनवणारा गेदेऑं द्युकोमाँ, आणि सदतीस वर्षं काटे बसवलेली ब्लुएत. ती निघाली तेव्हा नुमा गळपट्टा गुंडाळत तिच्यापाशी आला.

"पहिला नंबर कुणाला देशील ते मला माहितेय," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लहानपणी चोरून जॅम खाल्ल्यावर दिसायचं तेच हसू होतं. अर्धंच, कारण डावी बाजू हलत नव्हती.

जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीपाशी, एका लांब टेबलावर हिरवं कापड अंथरून पाचही घड्याळं मांडली होती. फाव्रोदांची रीत सरळ होती. कागद नाही, गुण नाहीत. प्रत्येकाने आपल्या हाताने घड्याळं ओळीत लावायची, डावीकडे सगळ्यांत चांगलं. वयाने सगळ्यांत मोठा जो असेल त्याने शेवटी हात लावायचा, आणि त्याची ओळ तीच कायमची ओळ.

"म्हणजे ब्लुएत," गेदेऑं म्हणाला. "मी हिच्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. शाळेतही ही माझी वही शेवटीच तपासायची."

गेदेऑंने सुरुवात केली. सगळ्यांत नवं घड्याळ त्याने उचललं आणि हातात वजन घेतल्यासारखं केलं. त्यात शर्यतीच्या इंजिनाच्या पिस्टनचा तुकडा बसवलेला होता आणि किंमत चांगल्या गाडीएवढी होती. हे मनगटावर बांधायचं की चाकाला अडण म्हणून लावायचं, असं विचारून त्याने ते उजव्या टोकाला ठेवलं. कार्बनचं काळं घड्याळ चौथं. हलकं आहे, पण घातल्याचं कळतच नाही, मग घालायचं कशाला, असं त्याचं मत. चौकोनी घड्याळ तिसरं, त्याची केस त्याने स्वतः घासली होती आणि ते त्याने दोनदा सांगितलं. लाल काट्याचं, वेग मोजणाऱ्या कड्याचं घड्याळ दुसरं. आणि पहिलं, न बोलता, सगळ्यांत जुनं. काळी तबकडी, बारा आकडे, गाडीच्या डॅशबोर्डवरच्या काट्याच्या चकतीसारखी. दुसरं काही नाही. वेत्तोरेल्लीच्या चालकांना अंधारात, बोगद्यात वेळ दिसावी म्हणून ते केलं होतं.

फाव्रोदांनी ओळ जवळजवळ तशीच ठेवली. फक्त चौकोनी आणि लाल काट्याचं यांची अदलाबदल केली, त्यावर गेदेऑंने नाक मुरडलं. काळ्या तबकडीला त्यांनी हातही लावला नाही.

"अशा तबकड्या आता जगात फार थोड्या उरल्यात," ते म्हणाले. "आणि ज्या उरल्यात त्यांचे आकडे झडलेत. झडलेले आकडे नव्या रंगाने भरले की जांभळ्या दिव्याखाली लगेच पेटतात. बघा."

त्यांनी छोटा जांभळा दिवा लावला. तबकडी मुकी राहिली. बाराही आकडे तपकिरी, विझलेले, एकसारखे.

मग त्यांनी खिशातून एक पेटी काढली.

पेटी लहान होती, त्या माणसांच्या पेटीपेक्षा सुबक, पण नळी तीच. फाव्रोदांनी ती तबकडीवर धरली, आणि पेटी टकटकू लागली. आधी एक एक, मग सरसर. दोघा पुरुषांचे चेहरे उजळले. गेदेऑंने डोळे मिटले, चर्चमध्ये ऑर्गन सुरू झाल्यावर मिटतात तसे.

"ऐकलंत?" फाव्रोद हळू आवाजात म्हणाले. "अस्सल. बाराच्या बारा."

ब्लुएतला झाउगबाईंच्या फळ्या ऐकू येत होत्या. त्या घरात त्या आवाजाने माणसं मागे सरली होती. इथे माणसं पुढे वाकली होती.

तिने भिंग डोळ्याला लावलं. आईची तबकडी तिने याआधी शेकडो वेळा पाहिली होती, पण त्यावर काटे बसवण्यापुरती. आज ती आकडे बघत होती. बारा, एक, दोन. ऑर्तान्सची एक चाल होती आणि ती ब्लुएतला पाठ होती, कारण शाळेतून आल्यावर ती टेबलाच्या कोपऱ्याशी बसून बघत असे. कुंचला ओठांत घालून टोक करायचं, मग तीन आकडे. टोक बोथट होत जायचं. पहिला आकडा बारीक, दुसरा जरा भरदार, तिसरा गुबगुबीत. मग पुन्हा ओठ. म्हणून आईच्या तबकडीत बारा, तीन, सहा, नऊ हे नेहमी कृश, आणि दोन, पाच, आठ, अकरा हे खाऊनपिऊन सुखी. आईच्या ओठांना तो रंग किती वेळा लागला ते तबकडीवर वाचता यायचं. एका तबकडीला चार वेळा.

या तबकडीत दोन गुबगुबीत होता. अकरा गुबगुबीत होता. पाच आणि आठ मात्र सडपातळ, नितळ. चारचा आकडाही तसाच. तिन्ही आकडे सुंदर होते. आईपेक्षा सुंदर. कडा सुरीने कापल्यासारख्या.

तिने भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

हा हात कुणाचा हे विचारायची गरजच नव्हती. सकाळचं ते हसू तिला आता कळलं. नुमाने आपलं काम आईच्या शेजारी बसवलं होतं आणि आईच्या मुलीकडून त्याला पहिला नंबर हवा होता. पण ब्लुएतने भिंग खाली ठेवलं ते त्यामुळे नव्हे. स्पंजावर असं टोक येत नाही. तिन्ही आकडे बारीक होते, म्हणजे प्रत्येक आकड्याआधी कुंचला ओठांत गेला होता. आई तीन आकड्यांना एकदा घ्यायची. हा एका आकड्याला एकदा घेत होता.

फाव्रोद बोलत होते. ही तबकडी पहिली आली की आणखी तिघंचौघं मालक आपली घड्याळं बाहेर काढतील, ते म्हणाले. सगळ्यांचे आकडे झडलेले आहेत. बिचारे कुणाकडे जातील देव जाणे.

कुणाकडे जातील ते ब्लुएतला माहीत होतं.

तिने हात पुढे केला आणि काळी तबकडी उचलली. घड्याळ हातात गार लागलं. ते तिने डावीकडून उजवीकडे नेलं, लाल काट्यावरून, चौकोनीवरून, कार्बनवरून, आणि पिस्टनवाल्याच्याही पलीकडे ठेवलं.

गेदेऑं खुर्चीत सरळ झाला. "अगं ब्लुएत, चष्मा बदल."

"मादाम मातील," फाव्रोद म्हणाले, "ओळ तुमची आहे. मी बदलणार नाही. पण कारण कळलं तर बरं होईल."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ऐन वेळी खोटं सुचत नाही. तिला वाटलं होतं, न बोलता उठून जाता येईल. पण दोघंही वाट बघत होते, आणि तबकडी तिच्या आईची होती.

"चार, पाच आणि आठ आईचे नाहीत," ती म्हणाली. "माझ्या भावाचे आहेत. जुन्या तबकड्यांवरचा रंग खरवडून तो त्याच रंगाने भरतो. म्हणून तुमच्या दिव्याला कळत नाही. पेटीलाही नाही." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "तो कुंचला ओठांत धरतो, मस्यू फाव्रोद. प्रत्येक आकड्याला."

गेदेऑं खिडकीबाहेर बघू लागला. त्याची आत्याही हेच काम करायची. फाव्रोदांनी भिंग घेतलं आणि बराच वेळ तबकडी पाहिली. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या.

"मला फरक दिसत नाही," ते शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तुमच्याशिवाय कुणाला दिसेल?"

"नाही. आता कुणी उरलं नाही."

"हं," फाव्रोद म्हणाले, आणि त्यांनी पेटी बंद करून खिशात ठेवली. तिच्या शेवटच्या वाक्याबद्दल, ओठांबद्दल, कुणीच काही बोललं नाही.

घरी आल्यावर तिने कोट न काढताच नुमाला सगळं सांगितलं. तो टेबलापाशी बसला होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ओरडेल असं तिला वाटलं. त्याने विचारलं ते भलतंच.

"पाचवा? त्या पिस्टनच्याही खाली?"

"नुमा."

"सदतीस वर्षं काटे बसवलेस आणि त्या लोखंडाच्या गोळ्याला वर ठेवलंस. कारखान्याच्या दारात उभं करून लोकांनी हसायला पाहिजे तुला."

"तू स्पंज म्हणाला होतास."

खिडकीतून पांढरा उजेड त्याच्या हातांवर पडला होता. त्या हातांत अजिबात थरथर नव्हती. या वयात नसते असं नाही, पण त्याच्या हातांत नव्हती.

"स्पंजावर टोक येत नाही," तो म्हणाला. "करून बघितलं मी. ओठांशिवाय येतच नाही, ब्लुएत. आईला विचार."

त्यानंतर तो बहिणीशी बोलेनासा झाला. जेवायला बसायचा, ताट उचलून ठेवायचा, दार हळूच लावायचा. ब्लुएतला त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. लहानपणीही तो असाच रुसायचा, आणि सॉसेजचा वास आला की विसरायचा. उलट तिला आत कुठेतरी हलकं वाटत होतं. गावात बातमी फुटणार, नुमा मातील आकडे भरतो हे सगळ्यांना कळणार, आणि मग असल्या माणसाकडे कोण तबकडी पाठवील? बरणी धूळ खात पडेल. दाढ दंतवैद्याला दाखवू. असं ती भांडी घासताना मनाशी म्हणायची.

बातमी फुटलीच. पण ती गेली ती भलत्याच वाटेने.

पहिलं पार्सल लुगानोहून आलं. पाठवणाऱ्याने फोनही केला, आणि नुमाने तो ब्लुएतसमोरच घेतला, मुद्दाम मोठ्याने बोलत. मग एक बासलहून. मग दुबईचा एक माणूस जिनिव्हाला येणार होता, तो स्वतःच घेऊन येतो म्हणाला. सगळ्यांनी एकच गोष्ट ऐकली होती. ला शो-द-फोंमध्ये एक म्हातारा आहे, दिव्याला कळत नाही, पेटीला कळत नाही, फाव्रोदांनाही कळलं नाही. त्याचा हात जगात फक्त एका बाईला ओळखता येतो, आणि ती त्याची बहीण आहे.

फाव्रोदांनी वाईट हेतूने सांगितलं नसेल. चांगला हात दिसला की त्याचं कौतुक करायचं, हा त्यांचा स्वभाव. ओठांचं ते विसरले असतील.

नुमा बोलू लागला. गाऊही लागला, जुनी गाणी, शाळेतली. त्याने खिडकी पुसली, दिव्याला नवा बल्ब लावला आणि फळीवरून मोहरीची बरणी खाली घेतली. "बघ," तो म्हणाला, "तुझ्यामुळे झालं हे. मला पाचवं ठेवलंस म्हणून." त्याने खरोखरच आभार मानावेत तसं तिच्या खांद्यावर थोपटलं. डावा गाल किंचित सुजला होता. तो हसला तेव्हा ओठांच्या कोपऱ्यात तपकिरी काहीतरी होतं. कॉफीही असेल.

दुपारी तो पहिली तबकडी घेऊन बसला. ब्लुएत दारात उभी राहिली, जिथे पूर्वी ॲप्रन टांगलेला असायचा. त्याने कुंचला भुकटीत बुडवला, वार्निशात फिरवला आणि ओठांपाशी नेला. डोळे मिटले. ओठ जरासे मिटले, एखाद्या लहान मुलाने मध चाखावा तसे. एक आकडा. पुन्हा ओठ. एक आकडा. पुन्हा ओठ.

ती मागे फिरली आणि खाली झाउगबाईंकडे गेली. तिथून फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नुमा न्याहारीला बसला होता. त्याने पावाचा तुकडा कॉफीत बुडवला, थांबला, उजवीकडे सरकवला. बेल वाजली. तो बहिणीकडे बघू लागला, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याने कप खाली ठेवला.

"कोण आहे?"

ती उठली आणि तिने दार पूर्ण उघडलं. दोघं उंबऱ्याबाहेर बूट काढत होते. त्यांच्यातल्या धाकट्याच्या हातातली पेटी आधीच चालू होती, सावकाश, छपरावरच्या थेंबासारखी. ते आत आले. नमस्कार झाला. पेटी दारामागच्या रिकाम्या खुंटीवरून गेली आणि थेंब जरा जवळ जवळ पडले. ती खिडकीकडे वळली, टेबलाच्या कडेवरून सरकली, बरणीपर्यंत जायच्या आधीच तिची सर झाली, आणि तो तरुण माणूस थांबून आपल्या सोबत्याकडे बघू लागला.

नुमा खुर्चीतून उठला नाही. पेटी धरलेला हात आता टेबलावरून त्याच्याकडे येत होता, बाहीपर्यंत, मग खांद्यापर्यंत. त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

"थांबवा तो आवाज," तो म्हणाला.

पण ते म्हणायला त्याला ओठ उघडावे लागले तेव्हा पेटी त्याच्या तोंडासमोर होती, आणि आवाज थांबला नाही.